मोबाईलच्या कॅमेऱ्यानं शेंगतेल कसं तपासायचं

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत माझ्या मामांचा लाकडी घाणा आहे. दिवाळीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक पंधरा किलोचा डबा परत घेऊन आलं. "मामा, मागच्या खेपेचं तेल कसं पिवळंजर्द होतं. ह्यात कायतरी मिसळलंय." मामांनी दोन्ही खेपांचं तेल दोन ग्लासांत ओतलं, उन्हात धरलं आणि मला फोन लावला. "तू केमिस्ट्री शिकवतोस नव्हं? मग ये आणि सांग ह्येला."

गेलो, पण सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. रंग फिका म्हणजे भेसळ, असं नसतं. शेंगेची जात, दाणा किती वाळलाय, घाणा किती तापला, गाळ किती बसला, या सगळ्यावर रंग बदलतो. हे मी सांगितलं, गिऱ्हाइकानं मान डोलावली, डबा काही उचलला नाही. कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद. मग खिशातल्या मोबाईलवरच काय जमतं ते बघू म्हटलं. दोन आठवड्यांच्या खटपटीतून जे जमलं ते इथं लिहितोय. बारावीच्या प्रोजेक्टला, छोट्या घाणेवाल्यांना आणि तळणीच्या तेलाची चिंता असणाऱ्या कुणालाही ते वापरता येईल.

फोनला नेमकं काय दिसतं

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते, निम्म्या खणांवर हिरवी, पाव खणांवर लाल, पाव खणांवर निळी. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला या तिन्ही रंगांचे ० ते २५५ मधले आकडे मिळतात. तेल पिवळं दिसतं कारण त्यातली कॅरोटिनॉइड नावाची पिवळी रंगद्रव्यं निळा प्रकाश गिळतात. म्हणजे तेल जितकं गडद, तितका निळा आकडा खाली. लाल प्रकाशाला स्वच्छ पिवळं तेल जवळजवळ अडवतच नाही. हा लाल आकडा पुढे फार कामाला येणार आहे.

पण नुसता आकडा म्हणजे काही नाही. फोन म्हणजे ताजवा आहे. एका पारड्यात तेल ठेवलं तर दुसऱ्यात वजन लागतंच. तेलाच्या धंद्यात रंग मोजण्याचं जे टिंटोमीटर वापरतात, तेही असंच चालतं. इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीच्या लोव्हिबॉंड नावाच्या बिअर बनवणाऱ्यानं १८८५ मध्ये ते काढलं. एका बाजूला नमुना, दुसऱ्या बाजूला रंगीत काचा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत काचा बदलायच्या. आपणही नमुना आणि तुलनेचं द्रव एकाच फोटोत, एकाच उजेडात ठेवणार आहोत.

खोकं

कोल्हापुरात चपलांचं खोकं शोधायला लांब जावं लागत नाही. साधारण फूटभर लांबीचं, जाड पुठ्ठ्याचं घ्या. आतून काळा कार्डशीट चिकटवा आणि खोकं उभं करा. तळाशी जुना मोबाईल किंवा टॅब आडवा ठेवा, स्क्रीनवर कोरा पांढरा फोटो, ब्राइटनेस पूर्ण, ऑटो ब्राइटनेस बंद. हा आपला दिवा. त्याच्यावर दोनेक सेंटीमीटर अंतर सोडून काचेची पट्टी, पट्टीवर बटर पेपर. अंतर सोडलं नाही तर स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी फोटोत उतरते. वरच्या बाजूला कॅमेऱ्याच्या भिंगाएवढं भोक पाडून तिथं फोन पालथा ठेवायचा. भांडी आत-बाहेर करायला एका बाजूला झडप कापा.

भांडी म्हणजे ५० मिलीचे दोन बीकर, एकाच कंपनीचे, सपाट तळाचे. शाळा-कॉलेजला सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. पहिल्यांदा मी होमिओपॅथीच्या गोल बाटल्या आडव्या उजेडात वापरल्या होत्या. गोल बाटली स्वतःच भिंगासारखी वागते, मधोमध झगझगीत पट्टा आणि कडेला अंधार. बीकरमधून उजेड खालून वर गेला की ती कटकट मिटते. दोन्हीत सारखंच द्रव घातलं की खोलीही सारखी. बटर पेपरवर बीकरच्या जागी पेन्सिलीनं दोन गोल आखा, एक डावा, एक उजवा. प्रत्येक वेळी बीकर या गोलांतच.

कॅमेऱ्याला शहाणपणा करू देऊ नका

पहिल्या दिवशी मी इथंच आपटलो. मामांच्या दोन्ही खेपांचे वेगवेगळे फोटो काढले, आकडे बघितले, तर दोन्ही तेलं सारखी! डोळ्यांना फरक स्पष्ट दिसत होता, फोनला नव्हता. तासाभरानं डोक्यात उजेड पडला. चौकटभर पिवळं तेल बघून फोनची समजूत झाली होती की खोलीतला उजेडच पिवळा आहे, आणि त्यानं तो 'सुधारून' दिला. ऑटो व्हाइट बॅलन्स लग्नाच्या फोटोला चांगला, आपल्याला नको.

म्हणून कॅमेरा प्रो मोडवर न्या. आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ५५०० वर पक्का, फोकस हातानं. शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे खोलीतले दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. झडपेतून थोडा उजेड आत आला तरी १/५० वर पट्टे येत नाहीत. एचडीआर, एआय सीन, ब्युटी सगळं बंद. तळाच्या फोनवरचा नाइट मोड किंवा डोळ्यांना आराम देणारा पिवळा फिल्टरही बंद. तो निळा रंगच कापतो, आणि आपल्याला हवाय तोच. आमच्या घरी हा फिल्टर संध्याकाळी सातला आपोआप सुरू व्हायचा. सातनंतरची सगळी वाचनं मला फेकून द्यावी लागली. फोनला प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर बोट दाबून धरून उजेड आणि फोकस लॉक करा. तेवढ्यावरही काम निभतं.

रिकाम्या बटर पेपरचा फोटो काढून बघा. तिन्ही आकडे २०० ते २३०च्या दरम्यान हवेत. २५५ आला तर सेन्सर भरून वाहतोय, शटरचा वेळ कमी करा.

पहिलं वाचन

तुलनेसाठी मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या. पाणी का नको? तेल आणि पॅराफिन उजेडाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे पृष्ठभागावरून परत फिरणारा उजेडही सारखाच राहतो. पाण्याचं तसं नाही. खोबरेल तेलानंही चालेल, पण डिसेंबरातल्या सकाळी ते गोठतं आणि तुम्ही डबा उन्हात ठेवत बसता.

एका बीकरमध्ये २० मिली पॅराफिन, दुसऱ्यात २० मिली तेल. बुडबुडे जाईपर्यंत थांबा. फोटो काढा. मग बीकरांची अदलाबदल करा, डाव्याचा उजवीकडे, आणि पुन्हा फोटो. स्क्रीनचा उजेड दोन्हीकडे अगदी सारखा कधीच नसतो. अदलाबदलीची सरासरी घेतली की तो फरक बराचसा कटतो.

फोटो संगणकावर घेऊन इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. बीकरच्या मधोमध चौकोन आखा, कड टाळून, आणि अ‍ॅनलाइज मेनूतलं कलर हिस्टोग्राम काढा. तिन्ही रंगांची सरासरी मिळते. फोनवरची रंग ओळखणारी अ‍ॅप्स बहुतेक एकाच ठिपक्याचा आकडा देतात. त्यावर विसंबू नका.

आता हिशेब. समजा पॅराफिनचा निळा आकडा २१२ आणि तेलाचा ११८. दोघांचं गुणोत्तर १.८०, त्याचा लॉग ०.२५, आणि त्याला २.२ नं गुणलं की ०.५६. ही झाली तेलाची निळ्या रंगातली शोषकता, म्हणजे ते निळा उजेड किती गिळतं त्याचं माप. २.२ कशासाठी? फोटो साठवताना फोन उजेडाचे आकडे सरळ न ठेवता वाकवून ठेवतो, आणि ते सरळ करायला हा घातांक लागतो. अदलाबदलीनंतर समजा २०८ आणि ११९ आले, तर शोषकता ०.५३. सरासरी ०.५५ धरा. पुढचे दशांश लिहू नका, ते फसवे असतात.

लाल आकडाही बघा. पॅराफिन आणि तेल, दोघांचे लाल आकडे जवळजवळ सारखे हवेत. तेलाचा लाल आकडाही बराच खाली आला तर तेल गडद नाही, गढूळ आहे. गाळ, ओल किंवा बुडबुडे सगळेच रंग अडवतात. मामांच्या वादाची अर्धी उकल इथंच झाली. गिऱ्हाइकाच्या घरी तळाला उरलेलं मागच्या खेपेचं तेल लाल आकड्यातही खाली पडलं होतं. "पिवळंजर्द" म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, त्यात गाळ होता. मामा जरा वरमले. "सणाची गर्दी हुती रं, चार दिवस बसू दिलं न्हाई."

ताजवा खरा बोलतो का

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग फोनला नावं ठेवतात. तेल आणि पॅराफिन सिरिंजनं मोजून निम्मं-निम्मं मिसळा, मग एकास तीन. तेलाची शोषकता ०.५५ असेल तर निम्म्याची साधारण ०.२८ आणि पाव भागाची ०.१४ यायला हवी. आलेखावर तीन ठिपके एका सरळ रेषेत बसले की तुमचा फोन आणि खोकं भरवशाचं. निम्म्याला ०.३५ आलं, म्हणजे वरच्या टोकाला रेषा झुकली, तर खोक्यात कुठून तरी भलता उजेड शिरतोय किंवा काळा कागद चकाकतोय. फोनचं स्वतःचं रंग सजवणंही कारण असू शकतं. मग फोटो रॉ स्वरूपात (फोननं न सजवलेला) काढा आणि २.२ चा गुणाकार सोडून द्या.

तळणीचं काळपट तेल मोजताना निळा आकडा ४०च्या खाली जातो. तिथं फोन काहीही सांगतो. ते तेल पॅराफिननं पातळ करून मोजायचं आणि आलेल्या शोषकतेला तितक्या पटीनं गुणायचं.

आता खरं रसायन: आम्लता

रंगावरून तेलाची तब्येत कळत नाही, आम्लतेवरून बरीच कळते. ओल, उष्णता आणि जुनेपणामुळे तेलातली मेदाम्लं सुटी होतात. त्यांना मारायला किती अल्कली (इथं सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) लागली ते मोजायचं. कॉलेजात आपण फेनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपून अल्कली उरली की गुलाबी होणारं सूचक) टाकून गुलाबी रंगाची वाट बघतो. पण घाण्याच्या पिवळ्या तेलात फिका गुलाबी दिसणं अवघड, तळणीच्या तेलात तर अशक्यच. फोनचा खरा फायदा इथं आहे. तेल निळा रंग गिळतं आणि फेनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी हिरवा गिळतो. डोळा दोन्हीची खिचडी करतो, फोन दोन्ही वेगळं मोजतो.

साहित्य: आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाईल दुरुस्तीवाले आयपीए म्हणतात ते), सोडियम हायड्रॉक्साइड, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, फेनॉल्फ्थॅलिनचं तयार द्रावण, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा. आमच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात, सोन्या-चांदीला असे काटे वापरतात, ऑनलाइनही स्वस्तात मिळतात. चष्मा आणि हातमोजे घाला. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे कातडी जाळतात, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे, आणि आयपीए पेट्रोलसारखं पेटतं. स्वयंपाकघरात गॅसशेजारी हे करू नका, लहान मुलं असतील तिथं तर नाहीच.

पाणी उकळून गार करा आणि त्यात १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवून २५० मिली द्रावण करा. प्लास्टिकच्या बाटलीत घट्ट झाकून ठेवा. हे ०.१ नॉर्मल (नॉर्मल म्हणजे द्रावणाची ताकद मोजायचं एकक) झालं असं वाटतं, पण होत नाही. दाणे हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर बघता बघता चिकट होतात. म्हणून ताकद तपासायची. ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड १०० मिली पाण्यात विरघळवा, हे नेमकं ०.१ नॉर्मल. त्यातलं २ मिली घेऊन त्यात फेनॉल्फ्थॅलिन टाका आणि गुलाबी होईपर्यंत अल्कली घाला.

ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) नसेल तर इन्सुलिनची सिरिंज छान चालते. लाल टोपीची यू-४० घ्या, १ मिलीत ४० रेघा, म्हणजे एक रेघ ०.०२५ मिली. केशरी टोपीची यू-१०० असते, तिच्या रेघा वेगळ्या. समजा ८४ रेघा लागल्या, म्हणजे २.१ मिली. २ ला ०.१ नं गुणून २.१ नं भागा. तुमची अल्कली ०.०९५ नॉर्मल.

आता दोन्ही बीकरमध्ये प्रत्येकी ५ ग्रॅम तेल आणि २५ मिली आयपीए घाला. तेल नीट मिसळत नसेल तर बीकर कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, ज्योतीवर कधीही नाही. एका बीकरमध्ये फेनॉल्फ्थॅलिनचे चार थेंब टाका, दुसऱ्यात नको. तो दुसरा बीकर आपलं वजनाचं पारडं आहे. तेलाचा पिवळेपणा दोन्हीत सारखा असल्यामुळे तो कटून जातो आणि उरतो तो फक्त गुलाबी.

दोन्हीत सारख्याच रेघा अल्कली घाला, काचेच्या कांडीनं ढवळा, आपापल्या गोलात ठेवा, फोटो. सुरुवातीला पाच-पाच रेघा, नंतर दोन-दोन. प्रत्येक फोटोत साध्या बीकरचा हिरवा आकडा गुलाबीवाल्याच्या हिरव्या आकड्यानं भागा. बराच वेळ हे उत्तर १ च्या आसपास घुटमळतं, मग एकाएकी उडी मारतं. उडी मारल्यावर अर्धा मिनिट थांबून पुन्हा फोटो घ्या. रंग टिकला तर शेवटचा बिंदू तोच. आणखी थांबलात तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे गुलाबी विरत जातो, त्याला घाबरू नका. नुसत्या २५ मिली आयपीएला किती रेघा लागतात तेही एकदा मोजा आणि वजा करा. साधारण एक-दोन रेघा असतात.

समजा वजाबाकी करून ६४ रेघा राहिल्या, म्हणजे १.६ मिली. आम्लांक म्हणजे एक ग्रॅम तेलातली सुटी आम्लं मारायला किती मिलीग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागेल तो आकडा. तो काढायला ५६.१ ला मिलीनं आणि नॉर्मलतेनं गुणायचं, तेलाच्या वजनानं भागायचं. ५६.१ गुणिले १.६ गुणिले ०.०९५ भागिले ५, बरोबर १.७. ५६.१ च्या जागी २८.२ घेतलं की ओलेइक अ‍ॅसिडच्या हिशेबानं सुट्या मेदाम्लांची टक्केवारी मिळते, इथं ०.८६. एका रेघेची चूक झाली तर आम्लांक ०.०३ नं हलतो. घरच्या मोजणीला एवढं पुष्कळ झालं.

हा आकडा कशाशी ताडायचा? कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात थंड दाबाच्या, म्हणजे कोल्ड प्रेस्ड, तेलाचा आम्लांक ४ पर्यंत चालतो, रिफाइंडचा ०.६ पर्यंत. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, मानकात रिफाइंड नसलेल्या शेंगदाणा तेलाला ६ ची मर्यादा आहे. मामांच्या दोन्ही खेपा २ च्या आत होत्या. मी घाण्यावरच्या वहीत दोन्ही आकडे लिहून दिले. गिऱ्हाइकानं वही उलटसुलट बघितली, डबा गाडीवर ठेवला आणि विचारलं, "पण आता पुढचं पिवळं देणार का?"

तळणीचं तेल

कढईतलं तेल रोज मोजून आलेख काढणं हा या खोक्याचा सगळ्यात मजेदार उपयोग, आणि सगळ्यात फसवाही. आपल्याकडं भज्यांच्या पिठात हळद असते, कधी तिखट असतं. मिरचीचा लाल रंग तेलात झकास उतरतो, मिसळीच्या कटावर तरंगणारा तवंग सगळ्यांनी बघितलाय. ते रंगद्रव्यही निळा प्रकाश गिळतं. त्यामुळे मिरचीचा घाणा काढला की फोन म्हणेल तेल खराब झालं, आणि ते अजून धडधाकट असेल. आधी नुसत्या बटाट्याच्या चकत्या तळून मोजा, मग मसाल्याचं पीठ. दोन आलेखांतला फरक बघितला की रंगावर किती भरवसा ठेवायचा ते आपोआप कळतं.

तळणीच्या तेलाचा कायदेशीर निकष रंग नाहीच. १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगं (तेल तापून बिघडताना त्यात तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायला मनाई आहे. ती मोजायला तेलात बुडवायची वेगळी इलेक्ट्रॉनिक दांडी मिळते. कॅमेऱ्याला ती संयुगं दिसत नाहीत. तळताना पदार्थातल्या वाफेमुळे मेदाम्लं सुटी होतात, म्हणून आम्लांक रोजच्या रोज चढताना मात्र दिसतो.

भेसळ

सगळ्यांना हेच विचारायचं असतं. शेंगतेलात पामतेल आहे का? या खोक्यानं कळत नाही, आणि कळतं म्हणून कुणी व्हिडिओ पाठवला तर विश्वास ठेवू नका. स्वच्छ केलेलं पामोलीन आणि फिकं शेंगतेल फोनला भावंडं वाटतात. फ्रिजमध्ये गोठवून बघण्याचा उपायही कच्चा, कारण शुद्ध शेंगतेल स्वतःच थंडीत गढूळ होऊन घट्ट व्हायला लागतं. खरा फरक मेदाम्लांच्या प्रमाणात असतो. पामतेलात पामिटिक आम्ल साधारण ४४ टक्के, शेंगतेलात १० टक्क्यांच्या आसपास. ते गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच गाठावी लागते.

रंगानं भेसळ पकडण्याची एक युक्ती मात्र सरकारनंच करून ठेवली होती. वनस्पती तुपात ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि फर्फ्युरॉल लागलं की किरमिजी रंग येतो, त्यामुळे साजूक तुपात वनस्पती मिसळलं की ते लगेच उघडं पडतं. बाउडुइन चाचणी म्हणतात हिला. तो किरमिजी रंगही हिरव्या आकड्यात झकास मोजता येतो. पण संहत आम्ल हाताळायचं असल्यानं हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या समोर.

आवरताना

बीकर आधी टिश्यूनं पुसा, मग भांडी घासायच्या लिक्विडनं धुवा. तेलाचा पातळ थर राहिला तर पुढचं वाचन बिघडतं. आयपीए मिसळलेलं तेल मोरीत ओतू नका आणि दिव्याला तर मुळीच वापरू नका. झाकणाच्या बाटलीत साठवा, वर ठळक चिठ्ठी लावा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत कचऱ्याची सोय असेल तिथं द्या. सिरिंजच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, मेडिकलवाल्याला विचारून. आणि तळाच्या फोनचा ब्राइटनेस परत कमी करा, नाहीतर रात्री घरात कुणीतरी ओरडतं.